पाव इंचाची नळी

अमेरिकेच्या उपनगरात घर घेतले की गृहकर्जाच्या हप्त्यांबरोबर गवताचीही जबाबदारी गळ्यात पडते. वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत ते वाढतच राहते आणि अनेक गावांत ठरावीक उंचीपेक्षा जास्त वाढू दिले तर नगरपालिकेची नोटीस येते. ओहायो राज्यात राहणाऱ्या आमच्या लेकीच्या घराभोवती सुमारे दोन एकर मोकळी जागा आहे. आपल्याकडे सोलापूर-सांगोल्याच्या बाजूला एवढ्या जमिनीत एखाद्या कुटुंबाची डाळिंबाची बाग उभी राहते. तेथे मात्र केवळ हिरवळ, आणि तीही दर आठवड्याला कापायची. सेवानिवृत्तीनंतर दोन उन्हाळे आम्ही उभयता तिच्याकडे राहिलो, तेव्हा या कामाची व्याप्ती माझ्या ध्यानात आली.

एवढी जागा हाताने ढकलण्याच्या यंत्राने कापणे शक्य नसते. म्हणून तिकडे गार्डन ट्रॅक्टर नावाचे छोटे वाहन वापरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर स्वतंत्र घरांच्या वसाहती पसरल्या आणि या यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले. शेतीचे मोठे ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ बाजारात आणला. दोन वर्षांनी जॉन डियरने आपला ‘११०’ हा नमुना आणला. पेट्रोलवर चालणारे लहानसे इंजिन, पोटाखाली फिरणारी पाती, वर एकाच माणसाची बैठक, असे त्याचे रूप. त्या काळातील यंत्रे इतकी दणकट होती की त्यांतील कित्येक आजही चालू स्थितीत आढळतात.

लेकीकडचा ट्रॅक्टर घराबरोबरच आला होता. आधीच्या मालकाने तो गॅरेजमध्ये तसाच सोडून दिला होता. वय पस्तिशीच्या पुढे, रंग उडालेला. पण इंजिनाचा आवाज ऐकला की यंत्र अजून थकलेले नाही हे कळे. तक्रार एवढीच होती की काम ऐन रंगात आले की ते आचके देत बंद पडे. बराच वेळ स्टार्टर फिरवल्यावर पुन्हा सुरू होई आणि दोन फेऱ्या मारून पुन्हा थांबे. जावई मग टाकी भरत, त्यानंतर ते उत्तम चाले. त्यामुळे पेट्रोल जुने झाले असावे, असा त्यांचा समज झाला होता. दूरध्वनीवर एका दुरुस्ती दुकानाने न पाहताच कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला दिला आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

लेकीची चिंता निराळी होती. काही सकाळी गॅरेजचे दार उघडले की पेट्रोलचा वास येई. तिचे गॅरेज घराला जोडलेले आहे आणि त्याच्याच एका कोपऱ्यात गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र आहे, ज्याच्या तळाशी लहानशी ज्योत सतत तेवत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत पसरते. भिंतीपलीकडे सहा वर्षांचा नातू झोपतो. “पप्पा, मला ते यंत्र घरात नकोच,” असे तिने स्पष्ट सांगितले, आणि तिचे म्हणणे अगदी रास्त होते. त्याच दिवशी आम्ही ट्रॅक्टर हाताने ढकलून परसातील लाकडी शेडमध्ये नेला. जावई म्हणाले, “पप्पा, आता नवीनच घेऊन टाकतो.”

“अवश्य घ्या, जावईबापू,” मी म्हणालो, “पण दोष कुठे आहे हे आधी कळू द्या. जुना विकायचा झाला तरी घेणाऱ्याला ते सांगावे लागेल.”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, यंत्रशास्त्राचा नव्हे. परंतु नोकरीची पहिली काही वर्षे ग्रामीण शाखेत गेली. तेव्हा विहिरीवरच्या डिझेल इंजिनांसाठी आम्ही कर्जे देत असू. तारण असलेले इंजिन जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी शेतावर जावे लागे, आणि इंजिन जागेवर असले तरी बंद असले की हप्ता येणार नाही हे ओघाने आलेच. चालता चालता बंद पडणाऱ्या इंजिनाबद्दल शेतकरी एकच निदान करीत, ‘एअर घेतली’. तेलाच्या नळीत कुठेतरी फट पडली की तेलाऐवजी हवा ओढली जाते. मग नट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत तेल वाहू द्यायचे आणि नट पुन्हा आवळायचा. हा विधी मी एवढ्या वेळा पाहिला होता की ओहायोतल्या त्या आचक्यांत मला तोच सूर ऐकू आला.

बँकेतल्या माणसाला शंका आली की तो वही काढतो. चार आठवडे मी प्रत्येक कापणीच्या वेळी टाकीतील पेट्रोलची पातळी, इंजिन किती मिनिटांनी बंद पडले ती वेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये वास आला की नाही, अशा तीन नोंदी ठेवल्या. चौथ्या आठवड्याला चित्र स्वच्छ झाले. टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असताना इंजिन कधीच बंद पडले नव्हते. पण वास आला होता तो त्याच दिवसांत. टाकी निम्म्याच्या खाली गेली की वास नाहीसा होई आणि आचके सुरू होत. म्हणजे दोन तक्रारींचे मूळ एकच असणार, आणि ते टाकीच्या अर्ध्या उंचीच्या आसपास असणार.

या ट्रॅक्टरची टाकी बैठकीखाली मागे आहे आणि इंजिन पुढे. टाकीच्या तळातून निघालेली रबरी नळी चौकटीच्या पट्टीवरून वर चढून वळते आणि मग पुढे गाळणीकडे, तेथून पंपाकडे व कार्बोरेटरकडे जाते. तो पंप मोठा मजेदार आहे. त्याला ना पट्टा ना वीज. पिस्टन खालीवर होताना इंजिनाच्या पोटात जो दाब कमी-जास्त होतो, तो एका बारीक नळीने पंपातील पातळ पडद्यापर्यंत पोहोचतो आणि पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ओढले जाते. आता चौकटीवरच्या वळणाला फट आहे असे समजा. टाकीतील पातळी त्या वळणापेक्षा वर असेल, तर यंत्र उभे असताना पेट्रोल बाहेर झिरपेल. पातळी खाली गेली, तर झिरपणे थांबेल. पण इंजिन चालू झाल्यावर पंप त्याच फटीतून हवा आत ओढेल. जावई टाकी भरत होते तेव्हा आचके थांबत आणि गळती सुरू होई. थकीत खातेदाराला नवे कर्ज देऊन जुने खाते नियमित दाखवण्याचा प्रकार आम्ही बँकेत पुष्कळ पाहिला आहे. तेथेही ताळेबंद काही महिने देखणा दिसतो.

वळणापाशी बोट फिरवले तेव्हा बाहेरून काहीच लागले नाही. नळी काळीभोर, धुळीने माखलेली, दिसायला धडधाकट. वाकवून पाहिल्यावर मात्र ती वाकेना. पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिक नळीसारखी कडक झाली होती.

नवी नळी फुटाच्या हिशेबाने विकत मिळते. आतील व्यास पाव इंच. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाणी किंवा हवा वाहून नेणारी रबरी नळी दिसायला तशीच असते, पण ती पेट्रोलला टिकत नाही. पेट्रोलच्या नळीवर तिचा दर्जा छापलेला असतो. कार्बोरेटरच्या जुन्या, कमी दाबाच्या यंत्रांसाठी ‘एसएई ३०आर७’ अशी खूण पाहून घ्यायची. नळी, गाळणी आणि क्लिपा मिळून जो खर्च आला, तो नव्या ट्रॅक्टरच्या किमतीपुढे सांगण्याजोगाही नव्हता.

काम उघड्यावर केले, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. नातवाला घरातच थांबायला सांगितले, तो खिडकीला नाक लावून “नाना, झाले का?” असे दर पाच मिनिटांनी विचारीत होता. बॅटरीची ऋण बाजूची काळी तार प्रथम सोडवली, म्हणजे पान्याचा चुकून स्पर्श होऊन ठिणगी उडण्याचा प्रश्न नाही. आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवले. टाकीतले उरलेसुरले पेट्रोल हातपंपाने लाल डब्यात काढले. नळी कशी वळते, कुठून जाते, याचे मोबाईलवर छायाचित्र घेतले.

जुनी नळी ओढून काढायची नसते. टाकीचे तोंड प्लॅस्टिकचे आणि पस्तीस वर्षांचे. ओढाताणीत ते तुटले तर टाकीच गेली. तोंडावर बसलेला नळीचा भाग जावयांनी पात्याने उभा चिरला आणि सोलल्यासारखा अलगद काढला. नवे तुकडे जुन्यांच्या मापाने कापले. लांब ठेवले तर नळी लोंबून सायलेन्सरला टेकते, आखूड कापले तर ताण पडतो. गाळणीवरचा बाण इंजिनाच्या दिशेने ठेवला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे तीन तुकडे तर बदललेच, शिवाय पंपाला दाब पोहोचवणारी बारीक नळीही बदलली, कारण तिचेही वय तेच. क्लिपा आवळताना जावयांचा हात जरा जोरात होता. त्यांना मी थांबवले, कारण जास्त आवळलेली क्लिप रबर कापते आणि तेथूनच पुढची गळती सुरू होते.

मग त्यांनी वळणाजवळचा जुना तुकडा उभा चिरून उन्हात धरला. आतली बाजू वाळलेल्या तळ्याच्या मातीसारखी भेगाळली होती आणि एक भेग आरपार गेलेली होती.

टाकी पूर्ण भरून चौकटीखाली पांढरा कागद पसरला आणि तासभर वाट पाहिली. कागद कोरडा राहिला. रात्री यंत्र शेडमध्येच ठेवले. सकाळी वास नव्हता. परंतु आमची खरी परीक्षा निम्म्या टाकीची होती. पुढच्या शनिवारी मुद्दाम पातळी निम्म्याखाली येऊ देऊन जावयांनी मागची सगळी बाजू एका दमात कापली. इंजिन एकदाही अडखळले नाही. नव्या ट्रॅक्टरची खरेदी बारगळली. लेकीने मात्र यंत्र पुन्हा गॅरेजमध्ये आणू दिले नाही. ते शेडमध्येच राहते, आणि मला ते योग्य वाटते.

रबर वयाने कडक होतेच. पण जुन्या नळ्यांच्या बाबतीत इथेनॉलचाही वाटा असतो. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये ते दहा टक्के असते. आपल्याकडे २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांना त्यातून उत्पन्न मिळते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या गाड्या त्या हिशेबाने बनवलेल्या आहेत. पण घराघरांत उभ्या असलेल्या जुन्या स्कूटरी आणि दुकानांच्या मागे पडून असलेले लहान पेट्रोल जनरेटर त्या काळाचे नाहीत, आणि त्यांची नळी कोणी कधी बदलल्याचे मी तरी ऐकलेले नाही. जनरेटर तर महिनोन्‌महिने बंद असतो. वीज गेली की घाईने ओढून सुरू करायचा, वीज आली की विसरायचा.

परतल्यावर आमच्या मेव्हण्यांच्या कापड दुकानात गेलो. मागच्या खोलीत एका बाजूला साड्यांचे गठ्ठे आणि त्यांना लागूनच जनरेटर. कॉक उघडाच होता. नळी दोन बोटांत धरून वाकवली, ती वाकली नाही. मेव्हण्यांनी लगेच जनरेटर मागच्या अंगणात हलवला आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने दहा मिनिटांत नळी बदलली, कॉक बंद केला आणि पैसे मागितले फक्त नळीचे.