आधी पाणी, मग आग

वडखळ म्हटले की लोकांना नाका आठवतो. मुंबईहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा गोव्याकडे, दुसरा अलिबागकडे. रात्रंदिवस ट्रकचे हॉर्न आणि एस.टी.ची वाट पाहणारी माणसे! अशा गावच्या मुलाने वाफेच्या इंजिनावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पेणवरून रोह्यापर्यंत रूळ आले तेच मुळी 1986 साली; तेव्हा वाफेचे दिवस सरत आले होते. पण माझे आजोबा त्याआधी नेरळच्या लोको शेडमध्ये होते. माथेरानच्या छोट्या गाडीवर ते फायरमन होते.

हे वाक्य आज मी सरळ लिहितो आहे. गेल्या वर्षी मला ते लिहिता आले नाही. प्रथम वर्षाला वर्गात ओळख करून देताना मी म्हणालो, “माझे आजोबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा पगाराच्या कागदावर अंगठा उमटवीत. खलाशी म्हणून लागले, पुढे कोळसा टाकू लागले, हे प्राध्यापकांच्या मुलांसमोर सांगायला जीभ रेटली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी हट्ट धरला, “एकदा नेरळला ने.” वर्गातला एक मित्रही सोबत आला. पेणहून एस.टी.ने खोपोली आणि पुढे लोकल. वाटेतच मित्राने विचारले, “आजोबा, तुम्ही ड्रायव्हर होतात ना?”

माझ्या पोटात गोळा आला. आजोबा शांतपणे म्हणाले, “नाय रे बाबा, मी फायरमन. ड्रायव्हर वेगळा.” माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

माथेरानची ही गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारली. 1907 साली ती सुरू झाली. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. वीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर, असा काही ठिकाणी चढ. आणि वळणे तर अंगणात बैलगाडी वळवावी तशी! त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून खास चार इंजिने आणली. त्यांची पुढची आणि मागची चाके वळणावर रुळांप्रमाणे कलत. 1950 च्या दशकात डिझेल इंजिने आली, आणि 1980 च्या दशकात वाफेची थांबली. त्या चारांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेले, आणि एक नेरळला रंगरंगोटी करून ठेवले आहे.

त्या इंजिनासमोर आजोबा बराच वेळ उभे होते. मला वाटले, डोळे भरून येतील. तसे काही झाले नाही. “रंग बेस दिलाय,” एवढेच म्हणाले. मग माझ्या मित्राला शिकवू लागले.

“कोळसा फेकायचा नसतो, पेरायचा असतो. कोपऱ्यात थोडा, मधे पातळ. ढीग झाला की आग गुदमरते. काळा धूर निघाला म्हणजे कोळसा फुकट गेला, फायरमन कच्चा.” चढावर बॉयलरमधले पाणी एका टोकाला धावते. भट्टीचे छत पाण्याबाहेर उघडे पडले की ते तापून जाते. म्हणून छतात शिशाची गुडदी बसवलेली असते. ती वितळते आणि वाफ आगीवर सुटते. “ती वितळली म्हणजे आमची अब्रू गेली!” ते हसले.

गाडीचा झुकझुक आवाज का येतो, हेही मला त्या दिवशी कळले. सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना भट्टीतली हवा ओढून घेते. चढ जितका कठीण, तितका फुंकर जोरदार, तितकी आग प्रखर. ओझे वाढले की इंजिन स्वतःच आपली आग फुलवते!

मित्रहो, ते वाफेचे युग परत यावे असे मी म्हणणार नाही. पहाटे उठून तासन्‌तास वाफ धरायची, राख काढायची, हातावर भाजल्याचे डाग वागवायचे, हे आजोबांनी भोगले आहे. पण नेरळला लोखंड जपले गेले. ते चालवणारे हात कुणी जपले? ती विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. ती आजोबांच्या मनगटात होती. आणि आमच्या घरात लिहिता येणारा मी, त्या मनगटाची लाज बाळगत होतो.

परत आल्यावर मी वही काढली. रोज रात्री आजोबा सांगतात, मी लिहितो. पहिल्या रात्री मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवले, “सकाळी प्रथम भट्टी पेटवीत असू...”

आजोबांनी हात वर केला.

“खोड ते. आधी बॉयलरात पाणी बघायचं, मग आग. तू उलटं लिहिलंस.”

मी खोडले आणि पुन्हा लिहिले.