रोस्टरवर नसलेले तास

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या महिन्याचं रोस्टर मोबाइलवर येतं. चुलतभावाच्या लग्नाला जमणार का, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला जाता येईल का, सगळ्यांची उत्तरं त्या एका तक्त्यात असतात. वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. बुधवारी सकाळी सहाचं विमान असेल तर रिपोर्टिंग पाचला, आणि तक्त्यात ते दिसतं मंगळवार, २३:३०. प्रत्यक्षात मी अडीचला उठलेली असते. बंगळूरच्या दक्षिण टोकाहून देवनहळ्ळीचा विमानतळ गाठायचा, तर कंपनीची गाडी साडेतीनला दाराशी येते. माझी ड्युटी पाचला सुरू होते असं रोस्टर सांगतं. अडीच ते पाच हा काळ त्यात कुठेच नसतो.

अशा न लिहिलेल्या तासांच्या घरातच मी वाढले. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमचं बिऱ्हाड होतं. बाबा आधी डिझेल असिस्टंट, मग बरीच वर्षं मालगाडीचे ड्रायव्हर आणि शेवटी मेल-एक्स्प्रेसवर. मेलच्या ड्रायव्हरला लिंक असते, कोणत्या दिवशी कोणती गाडी न्यायची ते आधीपासून माहीत असतं. मालगाडीला तसं काही नाही. गाडी तयार झाली की बोलावणं. घरोघरी फोन नव्हते तेव्हा कॉलबॉय सायकलवरून यायचा, कडी वाजवायचा आणि कॉलबुक पुढे धरायचा. बाबा दारातच वेळ टाकून सही करायचे. आई तोवर डब्याला लागलेली असायची. रात्रीचा एक असो वा पहाटेचे चार, तिने कधी ‘आत्ता?’ असं विचारलेलं मला आठवत नाही.

त्यांचं रात्रीचं जाणं आम्हा मुलांच्या अंगवळणी पडलं होतं. अवघड असायचं ते दिवसाचं झोपणं. मे महिन्यातलं भुसावळ, भर दुपार, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून अंधार केलेली खोली, आणि आत बाबा. आई त्या दिवशी कुकर लावायची नाही, शिटी नको म्हणून भात पातेल्यात. दूधवाल्याला सांगून ठेवलेलं, कडी वाजवू नको, ओट्यावर पातेलं ठेवलंय. गल्लीत क्रिकेट सुरू झालं की ती बाहेर जायची आणि पोरांना पलीकडच्या गल्लीत पाठवून यायची. पोरंही रेल्वेवाल्यांचीच, ती मुकाट्याने स्टंप उचलायची. एका माणसाची झोप अख्खी गल्ली सांभाळायची. इगतपुरी, खंडवा, बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये बाबांना पलंग मिळायचा, जेवण मिळायचं, नियमाप्रमाणे रेस्ट मिळायची. पण ते म्हणायचे, ‘‘रेस्ट रेल्वे देते. झोप आपली आपण आणायची.’’

बारावीनंतर मी गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर विमान शिकायला गेले, तेव्हा या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता. तिथे वय हाताशी होतं आणि कामाला सूर्याची चाकोरी होती. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेली हवा लहान विमानाला हेलकावे देते, म्हणून पहिल्या सॉर्टीसाठी, म्हणजे उड्डाणासाठी, पहाटेच हजर व्हायचं. फळ्यावर आपलं नाव कुठे आहे हे पाहून रात्री नऊला झोपायचं आणि गाढ झोप लागायची. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास एकेक करून लॉगबुकात भरत होते. एअरबसच्या टाइप रेटिंगसाठी कर्ज काढावं लागलं. बाबांनी जळगाव रस्त्यावरचा प्लॉट विकला. दोन सोनेरी पट्ट्यांचा शर्ट घालून मी पहिल्यांदा घरी गेले, तेव्हा बाबांनी अभिनंदनाच्या आधी विचारलं, ‘‘लिंक मिळाली की कॉलवर?’’

कॉलवरच होते. को-पायलटची सुरुवात बहुतेक तशीच होते. रोस्टरवर ‘स्टँडबाय’ लिहिलेले दिवस असतात. फोन हाताशी, गणवेश इस्त्रीचा, बॅग भरलेली. बोलावणं आलं तर वाराणसी, नाही आलं तर दिवसभर घरातच. झोपावं तर फोन वाजेल ही धाकधूक, जागं राहावं तर रात्रीच फोन आला म्हणजे? बेस कोणतं शहर हे कंपनी ठरवते आणि पसंतीचं शहर सेवाज्येष्ठतेने मिळतं. दिवाळीत विमानं भरून जातात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्ट्या आधी ज्येष्ठांना. यात मला अन्याय दिसत नाही. आमच्या क्वार्टर्समध्येही लक्ष्मीपूजनाला निम्मे पुरुष इंजिनावर असत. आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, हे मी तिथेच शिकले.

बंगळूरला आम्ही तिघी को-पायलट एका फ्लॅटमध्ये राहतो. तिघींची तीन रोस्टरं. एकीची सकाळ असते तेव्हा दुसरीची रात्र. खिडक्यांना जाड काळे पडदे, दाराच्या घंटीची तार काढलेली, भाजीच्या फोडणीचा आवाज होऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद. एकमेकींची झोप आम्ही जपतो, पण शेजारच्या इमारतीचं ड्रिल आमच्या हातात नाही. एका आठवड्यात पहाटेच्या तीन ड्युट्या, मग दुपारच्या, मग एखादी रात्रीची, असा क्रम आला की शरीराला कळेनासं होतं की आज त्याच्याकडून काय हवंय. पहाटेच्या ड्युटीआधी संध्याकाळी सातला अंथरुणावर पडता येतं. सातला झोप येत नाही. रोस्टर त्या वेळेला विश्रांती म्हणतं.

मला हे काम जिवापाड आवडतं. पहिल्यांदा कॅप्टन ‘हा सेक्टर तुझा’ म्हणाले, आणि मागे शंभराहून अधिक माणसं बसलेलं विमान माझ्या हाताने टेकलं, तो दिवस माझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे. या कामाची किंमत मला ठाऊक आहे, म्हणूनच त्याच्या न मोजलेल्या तासांबद्दल बोलावंसं वाटतं.

त्यातले सर्वांत जास्त तास जातात घरी जाण्यात. कर्नाटक एक्स्प्रेस बंगळूरहून थेट भुसावळला जाते, पण तिला जवळजवळ एक दिवस लागतो. आठवड्याच्या सुट्टीत ते परवडत नाही. म्हणून ड्युटी संपली की गणवेशातच मुंबईच्या विमानाच्या काउंटरपाशी उभं राहायचं. कर्मचाऱ्याचं तिकीट म्हणजे सीट उरली तर मिळणार. एक विमान भरून जातं, दुसरं भरून जातं, तिसऱ्यात जागा होते. मग दादरहून रात्रीची गाडी, कसारा घाट, आणि सकाळी भुसावळ. आई भरीत आणि कळण्याची भाकरी करून वाट पाहत असते. दुपारी बाबांशी गप्पा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा प्रवास, कारण तिसऱ्या पहाटे साडेतीनला गाडी दाराशी येणार. कागदावर मी विश्रांती घेतलेली असते. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग रांगेत, फलाटावर आणि बर्थवर गेलेला असतो.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं आणि ५० जण गेले. त्यातली तरुण को-पायलट आदल्या रात्रभर सिएटलहून प्रवास करून नेवार्कला, आपल्या बेसवर, पोचली होती. कॅप्टनही दूरच्या गावाहून ये-जा करणारे होते. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असं तपास संस्थेने लिहिलं. मला ते वाक्य फार प्रामाणिक वाटतं. थकवा मागे पुरावा ठेवत नाही.

आपल्याकडे २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १६६ पैकी ८ जण वाचले. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते आणि जागं झाल्यावरचं झोपेचं जडपण उतरताना त्यांच्या निर्णयांवर होतं, असं चौकशीने नोंदवलं. शेजारी बसलेल्या को-पायलटने पुन्हा वर जाण्याचं सुचवलं होतं. मी त्याच उजव्या सीटवर बसते. तो अहवाल वाचताना मला कुणाला दोष द्यावासा वाटला नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सर्वांत मंद असतं, आणि त्या वेळेतून जाणाऱ्या प्रत्येक विमानात दोन शरीरं पुढे बसलेली असतात, एवढं मात्र मनात घट्ट बसलं.

ड्युटीवर चढण्याआधी आम्ही ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकतो. बाबाही रेल्वेच्या क्रू लॉबीत फुंकायचे. दारूचा अंशही चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच ढिला पडतो, असं १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या संशोधनाने दाखवलं आहे. त्या जागरणासाठी फुंकायचं यंत्र कुणाकडे नाही. तिथे एकच साधन आहे, माणसाने स्वतः सांगणं.

आणि सांगणं सोपं नाही. माझ्या पगाराचा एक भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. बाबांचा माइलेजवर ठरायचा. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला जातो. ‘मी आज थकले आहे’ हे वाक्य उच्चारताना नव्या को-पायलटच्या मनात हप्ता असतो, कॅप्टनपदाची वाट असते, आणि आपण कच्च्या ठरू ही भीती असते. म्हणून हे केवळ तिच्या धैर्यावर सोडून चालत नाही, नियमाने तिच्या पाठीशी उभं राहायला हवं.

नियम हलले आहेत, हे मी समाधानाने सांगते. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने ८ जानेवारी २०२४ ला जाहीर केलेल्या बदलांत आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या ड्युटीत सहापर्यंत चालणारी लँडिंग दोनवर आली आणि नियमातली रात्र पाचऐवजी सहाला संपू लागली. हा एक तास बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल. माझ्यासाठी त्याचा अर्थ असा, की अडीचला उठून पाचला रिपोर्ट करण्याला कागदाने पहिल्यांदा रात्रीचं काम म्हटलं. बदल लागू व्हायला वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि ते २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत आले. नव्या नियमांत रोस्टर बसेना, तेव्हा डिसेंबरमध्ये विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली, लोक विमानतळांवर अडकले, काही नियमांना तात्पुरती सवलत द्यावी लागली. अडकलेल्या त्या प्रवाशांचा राग मला समजतो. पण त्या दिवसांत विश्रांतीचा नियम म्हणजे वैमानिकांचा हट्ट अशी कुजबुज ऐकली, तेव्हा मला आई आठवली. पोरांना पलीकडच्या गल्लीत पाठवताना ती बाबांचे लाड करत नव्हती. मालगाडीच्या मागे गार्ड होता, पुढच्या फाटकावर माणसं होती, नंतर मेलच्या डब्यांत हजारभर प्रवासी होते. ती त्यांची काळजी घेत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ आणि बेसवर परतण्याचा प्रवास विश्रांती ठरवताना हिशेबात धरावा. ज्यांचं घर दूर आहे त्यांना ड्युटीआधी विमानतळाजवळ झोपायला खोली मिळावी. थकवा कळवणाऱ्याचा त्या दिवसाचा पैसा कापला जाऊ नये. आणि ‘वैमानिकांची ड्युटीची वेळ संपली’ म्हणून विमान थांबलं, तर प्रवाशाने निदान हे जाणावं की तो नियम त्याच्यासाठी लिहिलेला आहे.

मी ज्यांच्याबरोबर उडते त्यांतले काही कॅप्टन ब्रीफिंगला बसल्यावर हवामान आणि इंधनाच्या आधी विचारतात, ‘‘झोप झाली?’’ आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबतात. त्या प्रश्नाने खोलीतली मांडणी बदलते, धाकट्याला खरं बोलण्याची मुभा मिळते. कॅप्टनच्या चार पट्ट्या मला मिळायला अजून अवकाश आहे. त्या मिळाल्यावर मीही रोज तिथूनच सुरुवात करणार आहे, आणि समोरून ‘नाही’ आलं, तर विमान थांबवण्याची जबाबदारी माझी असेल.