मामूंचा हौज

दहावीच्या विज्ञानात पाण्याच्या असंगत आचरणाचा भाग आहे. 4 अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड होते. त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होऊन वर येते. म्हणून तळे वरून गोठते आणि तळाशी मासे जिवंत राहतात. होपच्या उपकरणाची आकृती फळ्यावर काढून मी हे दरवर्षी उर्दूतून शिकवते. दापोली तालुक्यातल्या आमच्या मुलांनी गोठलेले तळे पाहिलेले नाही. मीही पाहिले नव्हते. आमच्या ओळखीचा बर्फ हर्णैच्या बंदरावरचा, आणि तो मासा मेल्यावर लागतो.

2023च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच परदेशी गेले. इंग्लंडात, बर्मिंगहॅमला मामूंकडे. तिकीट त्यांनीच पाठवले होते. अम्मीने कोकमं, कुळथाचे पीठ आणि सुकट बांधून दिली आणि निघताना कानात सांगितले, "भाईला घेऊनच ये."

मामू तरुणपणी जहाजावर होते. आमच्या मोहल्ल्यातली निम्मी माणसे तेव्हा जहाजावरच असत. पुढे जहाज सोडून ते तिथल्या एका कारखान्यात लागले, मामींना नेले, घर घेतले. एकुलता मुलगा आता कॅनडात आहे. 2020च्या एप्रिलमध्ये कोरोनात मामी गेल्या. जनाज्याला मोजकी माणसे होती. आम्ही इकडे घरात बसून दुआ मागितली, एवढेच. तेव्हापासून अम्मीचे एकच पालुपद, भाईने आता गावी यावे. घर आहे, वाडी आहे, पाहायला माणसे आहेत. आणि मामूंचे एकच उत्तर, "हौज कुणावर टाकून येऊ?"

हा हौज म्हणजे त्यांच्या घरामागचा माशांचा तलाव. साधारण बारा बाय आठ फुटांचा, पाच फूट खोल. तिथले शेजारी त्याला पाँड म्हणतात. मामू मात्र हौजच म्हणतात आणि त्याला कारण आहे. जहाज मिळेपर्यंत ते मुंबईत गावजमातीच्या खोलीवर राहत आणि जुम्म्याला जामा मशिदीत जात. तिथल्या मोठ्या हौजात मासे आहेत. वुजू झाल्यावर मामू पायरीवर त्यांच्याकडे बघत बसून राहत. हे त्यांनी कधीतरी मामींना सांगितले आणि मामींनी घरामागे खड्डा खणायला लावला.

माशांची जात कोई. उर्दूवाल्याला हे नाव ऐकून हसू येते. अम्मी फोनवर विचारायची, "तिकडे कोण आहे तुझं?" तर मामू म्हणत, "कोई हैं!" हा मासा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. जपानच्या निगाता भागातल्या भातशेती करणाऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या माशांतून रंगीत पिल्ले निवडत निवडत ही जात तयार केली. 1914 साली तोक्योच्या प्रदर्शनात तिचे नाव सगळीकडे झाले. मामूंकडे नऊ मासे आहेत. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचे दिसायला देखणे, पण मामींचा लाडका एक मोठा, तपकिरी, अगदी साधा दिसणारा. त्याला चागोई म्हणतात. जपानीत चा म्हणजे चहाच. दुधाच्या चहाचा रंग, आणि स्वभावाने इतका गरीब की हातातून खातो. मामी त्याला 'चहावाला' म्हणत.

मी पोचले तेव्हा थंडीची तयारी चालू होती. मामूंना त्याशिवाय दुसरे काही सुचत नव्हते. हौजावर जाळी ताणलेली होती, पाने पडू नयेत म्हणून आणि बगळ्यासाठीही. तरी बारीक पाने आत जात. ती रोज लांब दांड्याच्या जाळीने काढायची. पाने तळाशी कुजली तर वायू होतो आणि वर बर्फ धरला की तो आतच कोंडतो. कमळाची पिवळी पडलेली पाने मी कापली. आमच्याकडे विहिरीतला गाळ उपसतात तसा तळाचा गाळ मामूंनी काढला, पण सगळा एकदम नाही. पंप तळाशी होता, तो त्यांनी विटांवर चढवला. असे का, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "खालचं पाणी त्यातल्या त्यात ऊबदार. ते ढवळायचं नाही. त्यांना त्याच्यात निजायचं असतं." मी त्यांना होपचे उपकरण सांगितले. त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतले आणि नंतर मला दोरी धरायला सांगितली.

सर्वांत अवघड काम खाऊ बंद करण्याचे. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते. सप्टेंबरपासून मामू खाऊ कमी करत आणतात, मग गव्हाच्या कोंबाचा हलका खाऊ देतात आणि पाणी 10 अंशांखाली टिकले की काहीच नाही. थेट वसंतापर्यंत. थर्मामीटर दोरीने बांधून पाण्यात सोडलेला असतो. फजरनंतर चष्मा लावून ते आधी तो बघत, मग चहा.

पण माशांना हे कोण सांगणार? आमची सावली पडली की चहावाला सावकाश वर येई आणि तोंड उघडे ठेवून काठाशी थांबे. मी शिक्षिका. शाळेत खिचडी वाटताना एखादे पोर ताटली घेऊन मागे उभे राहिले तर माझा हात आपोआप पुढे जातो. एके दिवशी मामू दुकानात गेले असताना मी डब्यातला मूठभर खाऊ पाण्यात टाकला. चहावाल्याने दोन-तीन दाणे घेतले आणि तो खाली गेला. बाकीचे वरही आले नाहीत. दाणे फुगून तसेच तरंगत राहिले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर खिडकीतून पाहिले तर मामू जाळीने एकेक दाणा काढत होते. मी शाल घेऊन बाहेर गेले. काय बोलावे कळेना. तेच म्हणाले, "नऊ अंश आहे, बाय. पोटात तसंच राहतं ते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी मामीही हेच करायची. दर वर्षी. मी डबा लपवायचो."

डबा आता लपवलेला नव्हता. तो स्वयंपाकघरात खिडकीशीच होता.

अम्मीचा निरोप मी तेव्हाच सांगून टाकला. आधीचे दहा दिवस तो गिळत होते. मामूंनी ऐकले. म्हणाले, "पाणी दहाच्या वर जाऊ दे. मार्चमध्ये बघू." तो मार्च गेला, पुढचाही गेला. मुलगा म्हणतो हौज भरून टाका, अम्मी म्हणते मासे कुणाला तरी द्या. मी मध्येच आहे. खरे सांगायचे तर निघताना विमानतळावर मी त्यांना 'चला' असे म्हटलेच नाही. अम्मीला अजून वाटते, मी नीट समजावले नाही. तिचे बरोबर आहे.

जानेवारी 2024 मध्ये तिकडे कडाका पडला आणि मामूंनी फोनवर व्हिडिओ पाठवला. हौज पांढरा झाला होता. त्यांनी आधीच सोडून ठेवलेला फुटबॉल बर्फात रुतला होता. बर्फ ठोकून फोडायचा नसतो, त्या धक्क्याने खाली मासे घाबरून मरू शकतात. मामूंनी उकळत्या पाण्याने भरलेले पातेले बर्फावर ठेवले होते. मामींनी गावाहून नेलेले बिर्याणीचे पातेले, तांब्याचे. खाली बर्फ हळूहळू वितळून गोल भोक पडले. मामूंनी पातेले उचलले आणि फोन भोकावर धरला. आत नुसते काळे पाणी. त्यांचा आवाज आला, "दिसत नाहीत. पण खाली आहेत."

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ मी दहावीच्या वर्गात दाखवला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, इनको भूख नहीं लगती?" मी पचनाचे सांगितले. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.

रात्री अम्मीला दाखवला. तिने दोनदा पाहिला. 'कधी येतो' हे तिने विचारले नाही. म्हणाली, "तिकडे पातेल्याला कल्हई कोण करून देतो त्याला?"