जेसोर रोडने पेट्रापोलपर्यंत

सियालदाहून लोकलने बनगाव गाठलं आणि पुढे जेसोर रोडने पेट्रापोलच्या बांगलादेश सीमेकडे निघालो. दुतर्फा विलायती शिरिषाची जुनी झाडं, बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे. आईला सावलीतून गंगास्नानाला जाता यावं म्हणून काली पोद्दार नावाच्या जमीनदाराने ती लावली, असं इथे सांगतात. फाळणीपूर्वी बनगाव जेसोर जिल्ह्यातच होतं. 1947 साली रॅडक्लिफच्या रेषेने गाव भारतात आलं, जेसोर पाकिस्तानात गेलं. 1971 मध्ये लाखो निर्वासित याच वाटेने चालत आले.

आता इथे ट्रकांची रांग असते. एका ट्रकची ताडपत्री बाजूला सारलेली होती. आत लाल जाळीच्या गोण्यांत नाशिकचा कांदा, खालच्या थरातल्या काहींना ओल सुटलेली. चालक मालेगावकडचा. म्हणाला, "भाऊ, माल पलीकडं बेनापोलच्या गोदामात उतरवायचा न् रिकामी गाडी घेऊन माघारी यायचं. तिथून ढाक्याला त्यांची गाडी नेते." म्हणजे हमाली दोनदा, आणि एवढ्या लांबून आलेला नाशवंत माल पुन्हा खाली उतरणार. ही झळ शेवटी निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याच्या दरालाच लागते.

कामं झाली नाहीत असं नाही. 2016 साली पेट्रापोलला सीमाशुल्क, पार्किंग, गोदामं एका आवारात आणणारा एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला. 2024 मध्ये मालवाहू ट्रकांसाठी 'मैत्री द्वार' उघडलं. पलीकडे 6.15 किलोमीटरचा पद्मा पूल 2022 मध्ये खुला झाला आणि ढाक्याच्या वाटेवरची फेरीबोट टळली. बारासात ते पेट्रापोलदरम्यानच्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी 356 झाडं तोडायला सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये परवानगी दिली. ते वाचलं तेव्हा वाईट वाटलं होतं, या सावलीतून जाताना जास्तच वाटलं. एवढी किंमत मोजून रस्ता मोकळा करायचा आणि गोणी मात्र सीमेवर उतरवायचीच, हे मला पटत नाही.

भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी जून 2015 मध्ये थिंफूला एकमेकांच्या गाड्या सीमेपार जाऊ देणाऱ्या मोटार वाहन करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी चाचणी म्हणून कोलकात्याहून निघालेला ट्रक ढाकामार्गे आगरतळ्याला पोचलाही. पुढे भूतानच्या संसदेत करार अडला. भारत आणि बांगलादेशाने तरी आपल्यापुरता तो अमलात आणावा आणि सील लावलेला कांद्याचा ट्रक बेनापोलला न उतरवता थेट ढाक्यापर्यंत जाऊ द्यावा.