तुटलेली पाती गेली कुठे?

तुमच्यापैकी कोणाकोणाकडे बोट असेल कोण जाणे, आमच्याकडे नाही. साउदॅम्प्टनला आम्ही राहतो त्या इमारतीतल्या एका आजोबांची आहे. बत्तीस फुटी, शिडाची, आणि पोटात माझ्याहून वयाने मोठं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. आजोबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी किल्ली आमच्या हातात ठेवली. तुम्ही फिरवा, फक्त तिला जपा, म्हणाले. मी पोस्टडॉक, पीएच.डी. धातूंच्या गंजण्यावर. त्यांना वाटलं, ही बाई इंजिन नीट ठेवील. मलाही तसंच वाटलं होतं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदाच बोट बाहेर काढली, तर एरवी ८० अंशांवर बसून राहणारा काटा ९० च्या पुढे जाऊ लागला.

गाडीचा रेडिएटर तुम्हाला माहीत असेल. बोटीला तो नसतो, कारण थंड करायला सगळा समुद्र खाली पसरलेला असतो. पण खारं पाणी थेट इंजिनात फिरवलं तर आतून गंज आणि मीठ धरतं. म्हणून आमच्या इंजिनात दोन पाणी आहेत. एक आतल्या आत फिरणारं, कूलंट घातलेलं. दुसरं समुद्राचं. ते तळाच्या भोकातून येतं, गाळणीतून पंपात जातं, तिथून हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून आतल्या पाण्याची उष्णता घेतं आणि शेवटी धुराबरोबर मागच्या बाजूने बाहेर पडतं. पंपात एक रबरी चाक असतं, इम्पेलर. त्याला सहा पाती. मिनिटभर कोरडं फिरलं तरी त्याची वाट लागते, आणि हिवाळाभर बोट उभी राहिली की रबर आपोआप कडक होतं.

मी पंप उघडला. दोन पाती तुटलेली! नवा इम्पेलर आणला, बसवला, जागेवरच पंधरा मिनिटं इंजिन चालवलं. काटा ८० वर. आजोबांना सांगून आले, झालं काम.

पुढच्या रविवारी नवरा आणि मी कॅल्शॉटच्या बाजूला गेलो होतो. वारा पार पडलेला. मोठ्या जहाजांची वाट ओलांडताना लवकर पार व्हावं म्हणून मी वेग वाढवला आणि मध्यावरच इंजिनाचा भोंगा वाजला. काटा ९८. इथे १५० मीटरपेक्षा लांब जहाज आलं की त्याच्या पुढचे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंचे १०० मीटर छोट्या बोटींना बंद असतात. आणि एक कंटेनरचं जहाज वळण घेत होतं. ते थांबू शकत नाही, आणि बाजूला तरी कुठे जाणार? इंजिन बंद करावं तर आम्ही वाटेतच, चालू ठेवावं तर ते जळणार. मी वेग अगदी कमी केला. काटा हळूहळू ९२ वर उतरला. त्या गोगलगायीच्या चालीने कडेच्या उथळ पाण्यात पोचलो आणि नांगर टाकला. जहाज गेलं. त्याच्या लाटांवर आम्ही डुचमळत राहिलो. नवरा म्हणाला, "तू तर दुरुस्त केलं होतंस ना?" रागाने नाही, खरंच विचारलं. त्याचंच जास्त लागलं.

रात्री बाबांना फोन केला. तीस वर्षं त्यांनी हर्णैला मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त केली. माझं सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "काटा खरं बोलतोय ते कशावरून?" म्हणजे आधी इंजिनालाच विचार. प्रयोगशाळेत मी सेन्सर तपासल्याशिवाय एक आकडा लिहीत नाही. इथे ते सुचलंच नव्हतं. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून पाहिलं. काटा खरं बोलत होता.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती बादलीची. "मागून पाणी येतंय, एवढं बघून भागत नाही. मोज. दुप्पट फिरवलंस तर दुप्पट यायला पाहिजे." नवरा छोट्या होडीत बसून मागे दहा लिटरची बादली धरून होता, मी आत घड्याळ घेऊन. ८०० फेऱ्यांना बादली भरायला एक मिनिट लागलं. १६०० ना अर्धं मिनिट लागायला हवं होतं. लागले पन्नास सेकंद. जागेवर इंजिन थंड का राहत होतं ते तेव्हा कळलं. उष्णताच कमी होती, तेवढं पाणी पुरत होतं. जोर लावला की उष्णता वाढायची, पाणी मात्र तेवढंच.

आणि मग बाबा म्हणाले, "अगं, ती तुटलेली पाती गेली कुठे?"

मी गप्प. चार पात्यांचं जुनं चाक मी कचऱ्यात टाकलं होतं. उरलेल्या दोन पात्यांचा विचार एका क्षणासाठीही केला नव्हता. पंपातून पुढे रस्ता एकच, हीट एक्स्चेंजर.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं (तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, आत दाबाखालचं पाणी असतं, ते उसळून थेट तोंडावर येतं). एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण काढलं. नळ्यांच्या तोंडाशी काळं रबर अडकलं होतं, त्याला जस्ताचे तुकडे आणि शिंपल्यांचा चुरा धरलेला. जस्त गंजून बाकीच्या धातूला वाचवतं, यावर माझे दोन शोधनिबंध आहेत. तो गंजून गळलेला भाग पुढे कुठे जातो, हे मी त्यांत लिहिलेलं नाही.

चिमट्याने एकेक पातं काढलं. तीन निघाली.

मी दोनदा मोजली. माझ्या चाकाची दोनच गेली होती. तिसरं जास्त कडक, कडांना झिजलेलं. कोणीतरी कधीतरी माझ्यासारखंच नवं चाक बसवून, काटा खाली आलेला बघून, हात पुसून घरी गेलं होतं. आजोबांना विचारणार होते, मग राहू दिलं. त्यांना मी एवढंच सांगितलं की मागच्या वेळी माझं काम अर्धवट राहिलं होतं. ते म्हणाले, चहा घेणार का?

झाकण बसवून पुन्हा बादली धरली. १६०० फेऱ्यांना बत्तीस सेकंद. तिन्ही पात्यांचा फोटो बाबांना पाठवला, खाली आकडेही लिहिले. उत्तर लगेच आलं: "बत्तीस का? तीस का नाही? गाळणीपासून पंपापर्यंतचा पाइप आतून बघितलास? जुना पाइप बाहेरून चांगला दिसतो, आतून सुटतो आणि ओढ लागली की चपटा होतो."

बघितला नव्हता. शनिवारी टॉर्च घेऊन जाणार आहे.