मावळातून द्राक्षांच्या मुलुखाकडे

आमचे घर लोणावळ्याचे. पाऊस हा या घरातला वडीलधारा कर्ता पुरुषच म्हणावयाचा. त्यास विचारल्यावाचून येथे कोणताच बेत ठरत नाही. यंदा मात्र असा एक बेत निघाला की, ज्यास पावसाहून आमच्या वहिनींची संमती मिळविणे अवघड होते. त्यांचा धाकटा चिरंजीव रसायनशास्त्र शिकून नाशिकास वाइनच्या एका कारखान्यात लागला, त्यास तीन वर्षे झाली; आणि या तीन वर्षांत वहिनींनी त्याच्या बिऱ्हाडी पाऊल टाकलेले नाही. माघात सर्वांनी मिळून तिकडे जावे, मळे पाहावेत, ज्या वडील मंडळींस इच्छा असेल त्यांनी चव घ्यावी, असे मी सुचविले तेव्हा माजघरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

मुलांनी विचारले, द्राक्षे मावळातच का होत नाहीत? लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळास तो मानवतो; द्राक्षवेलीस मानवत नाही. पान सतत ओले राहिले की वेलीवर केवडा पडतो. नाव किती सुगंधी, आणि रोग किती दुष्ट! तेव्हा करवंदे आणि जांभळे यांवरच आम्ही समाधान मानावे, हे उत्तम.

तथापि यवनांच्या या पेयाचा विषय मावळास अगदीच परका नाही. कार्ल्याच्या चैत्यातील कित्येक खांब धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिल्याचे तेथील लेखच सांगतात. आणि पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीच्या द्राक्षमद्यास पहिला मान दिलेला आहे. हा पुरावा मी वहिनींपुढे मोठ्या उत्साहाने मांडला. त्या म्हणाल्या, "खांब दिले ना त्यांनी? खांब घ्यावेत. बाकीचे त्यांचे त्यांच्यापाशी." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आता काळवेळ. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी आणि पावसाळा सरता फळाची छाटणी. म्हणून वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. श्रावणात मळे पाहावयास जाणारास पानांखेरीज काही दिसावयाचे नाही. वाट तळेगाव, चाकण, राजगुरुनगर अशी. पुढे मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. आपली इंद्रायणी ओलांडून निघावे, आणि भीमा, घोड, मीना, प्रवरा अशा एकेक नद्या मागे टाकीत गोदावरीस पोहोचावे. नारायणगावी क्षणभर थांबू; शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फेसाळती वाइन तेथेच करून परदेशी धाडली होती.

नाशिकास गंगापूर धरणाजवळ सुलाचे मळे आहेत. त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. चव घेण्याचा विधी चिरंजीवाने पत्रात सविस्तर कळविला आहे. पेला देठाशी धरावा, पांढऱ्या कापडापुढे रंग न्याहाळावा, मग हलकेच फिरवून वास घ्यावा, आणि शेवटी घोटभर तोंडात घोळवावी. गिळलीच पाहिजे असे नाही; थुंकण्यास भांडे ठेवलेले असते व त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. आमच्या आचमनाहून हा विधी कमी सोवळा नाही, असे माझे मत झाले. ते मी वहिनींस अर्थातच सांगितले नाही.

सांगितले ते निराळेच. सुला हे नाव संस्थापक राजीव सामंत यांनी आपल्या आईच्या, सुलभा या नावावरून ठेविले आहे. वहिनी निवडीत होत्या ते ताट त्यांनी खाली ठेवले.

"आईला चालले होते का ते?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, ते आपण तेथे जाऊनच विचारू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीघरात मापाचा आवाज आला. वहिनी इंद्रायणी तांदूळ पिशवीत भरीत होत्या. "तिकडे असा मऊ भात मिळत नसेल त्याला," त्या म्हणाल्या, "आणि मी त्या पेल्याला हात लावणार नाही, हे आताच लिहून कळवा."

मी तसे लिहून कळविले आहे.