औषधाचे मोल

तीन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. गोरेगावच्या आसपासच्या बांध्यांत धानाची रोवणी भरात आली होती. चिखलात ओळीने वाकलेल्या बायांची गाणी थेट रस्त्यापर्यंत ऐकू येत. एरवी त्या गाण्यांसाठी मी मोटारसायकल बाजूला घेऊन घटकाभर थांबत असे. त्या वर्षी मात्र ती कानांवर पडत, पण आत उतरत नसत. पहाटे तीनलाच जाग येई आणि छातीवर जाते ठेवल्यासारखे वाटे. अन्नाची चव गेली होती. मिस्सा अर्पण करताना ओठांतून शब्द निघत आणि मन मात्र कोठेतरी कोरडे पडून राही.

सेमिनरीत आम्हांला आध्यात्मिक शुष्कतेविषयी पुष्कळ शिकवले होते. ही तीच असावी, असे समजून मी प्रार्थनेचा वेळ वाढविला आणि वर उपवासही धरला. ज्याची भूकच मेली आहे, त्याने उपवास करून काय साधणार? अखेर परिचारिका असलेल्या एका वडीलधाऱ्या सिस्टरांनी मला चार शब्द सुनावले, "फादर, मलेरियाचा ताप चढला असता, तर तुम्ही नुसती जपमाळ म्हणत बसला असतात का?" या भागात मलेरिया काय असतो, हे मला ठाऊक होते. दुसऱ्याच आठवड्यात मी गोंदियाहून नागपूरची गाडी पकडली.

मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी साध्या सदऱ्यात गेलो. नोंदवहीत नावामागे 'फादर' लिहू दिले नाही आणि व्यवसाय म्हणून 'शिक्षक' असे सांगितले. डॉक्टरांनी शांतपणे एकेक प्रश्न विचारला. झोप, भूक, वजन, जीव नकोसा वाटतो का, घराण्यात कोणाला असा आजार होता का, पूर्वी कधी अकारण अतिउत्साहाचे दिवस आले होते का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे मला नंतर कळले. उन्माद आणि नैराश्य यांचे चक्र असलेल्या रुग्णाला केवळ नैराश्यावरची गोळी दिली, तर उन्माद उसळू शकतो. मग त्यांनी विचारले, "मद्य घेता?" मी अडखळलो. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर तेही खोटे. शेवटी म्हणालो, "रोज पहाटे एक घोट. चषकातला." डॉक्टर हसले आणि माझे सोंग तेथेच गळून पडले.

पुढे जे झाले, त्यासाठीच हा लेख लिहीत आहे. माझी समजूत अशी होती, की तापाला जशी तापाची गोळी, तशी नैराश्याला नैराश्याची एक गोळी असेल. डॉक्टरांनी माझ्यापुढे तीन-चार वाटा ठेवल्या. पहिली जुन्या औषधांची, ॲमिट्रिप्टिलिनसारख्या. ती स्वस्त आहेत, गुणकारीही आहेत. पण त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, दिवसा गुंगी येते, काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. पन्नाशी ओलांडलेल्या, रोज प्रवचन करणाऱ्या आणि जंगलातल्या रस्त्याने दुचाकी चालविणाऱ्या माणसाला हे कसे झेपावे? दुसरी वाट मिर्टाझापिनची. त्याने झोप आणि भूक परत येते, पण वजन वाढते. आणि आमच्या घराण्यात तर मधुमेह आहे. तिसरी वाट एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या औषधांची. आरंभी मळमळ, डोकेदुखी, घाम, अस्वस्थता. आणि गुडघ्यांसाठी मी मनाला येईल तेव्हा घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या यांच्या जोडीला आल्या, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

"यांतले सर्वांत चांगले कोणते?" मी विचारले.

"सर्वांत चांगले असे नसते, फादर. तुमच्या आयुष्यात कोणता त्रास मावेल, ते आपण दोघांनी मिळून पाहायचे."

थायरॉइड व रक्ताच्या तपासण्या झाल्या, हृदयाचा आलेख काढला. मग एस्सिटालोप्रामची लहान मात्रा ठरली आणि गुडघ्यांच्या गोळ्या बंद झाल्या. परतताना गाडीत मला त्या औषधांच्या जन्माची एक हकीकत आठवली. १९५२ साली न्यू यॉर्कमधल्या स्टेटन आयलंड बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर इप्रोनियाझिड हे औषध वापरून पाहिले जात होते. क्षयाच्या त्या रोग्यांना अनपेक्षितपणे उत्साह आला. त्यातूनच ते पुढे नैराश्यावर वापरले गेले आणि यकृताला अपाय होतो म्हणून अखेर मागे पडले. म्हणजे या औषधांचा आरंभच एका अनपेक्षित परिणामातून झाला. देणे आणि घेणे पहिल्या दिवसापासून एकाच गोळीत होते.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. मळमळे, झोप आणखी विसकटली, उपयोग मात्र काही दिसेना. गुण यायला काही आठवडे लागतात, त्रास मात्र आधी येतो, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले नसते, तर मी गोळ्या फेकून दिल्या असत्या. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकदा पाचपर्यंत झोप लागली. धान लोंबीवर आले, तेव्हा त्याचा वास मला पुन्हा आला.

सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. त्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या धर्मशिक्षकांचा अंत्यविधी केला. या भागातली माणसे मला त्यांनीच ओळखून दिली होती. त्यांची पत्नी माझा हात धरून रडत होती आणि माझ्या डोळ्यांत पाण्याचा थेंब येईना. दुःख नव्हते असे नाही. ते काचेपलीकडे होते. रडणाऱ्यांबरोबर रडणे हे ज्याचे कामच आहे, त्याला ही किंमत परवडते का? मी महिनाभर गप्प राहिलो, मग डॉक्टरांना सांगितले. भावना बोथट होणे हा आजाराचा उरलेला अंश असू शकतो, तसा औषधाचा परिणामही असू शकतो, असे ते म्हणाले. मात्रा हळूहळू थोडी उतरविली. पुढच्या गुड फ्रायडेला क्रुसाची वाट करताना सहाव्या स्थानावर माझा आवाज दाटला. मला त्याची लाज वाटली नाही.

याच सुमारास एक तरुण गृहस्थ माझ्याकडे आला. ही भेट प्रायश्चित्त संस्काराबाहेरची होती, आणि त्याच्या संमतीनेच, ओळख पुसून, हे लिहीत आहे. त्याच जातीचे औषध त्याने एका दिवसात परस्पर बंद केले होते. चक्कर येई, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई आणि जुना काळोख परतला होता. कारण विचारले, तर खाली पाहून म्हणाला, "फादर, संसारात अडचण येऊ लागली. बायकोला काय सांगू? डॉक्टरांना कसे सांगू?" तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या औषधांनी कामेच्छा मंदावू शकते, हे माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेच नव्हते. फादरला ते कशाला, असे त्यांना वाटले असावे; आणि मीही विचारले नव्हते. मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांसमोर तो बोलला. त्याचे औषध बदलले, जुने टप्प्याटप्प्याने थांबविले. आज तो बरा आहे.

वाचकहो, आपल्या घरांत अशा गोळ्या पुस्तकामागे, पिठाच्या डब्यामागे दडविल्या जातात. दडविलेल्या गोळीचा त्रासही मग दडविला जातो आणि एके दिवशी ती गुपचूप बंद होते. पंचविशीच्या आतील मुलामुलींच्या बाबतीत तर आरंभीच्या आठवड्यांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. त्या वयात जीव देण्याचे विचार क्वचित वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी दिला आणि २००७ साली तरुणांपर्यंत वाढविला. इशारा औषध नाकारण्यासाठी नाही, जवळ बसण्यासाठी आहे. डॉक्टर दूर असतील, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

रतामाच्या झुडपाखाली मरण मागणारा एलीया आपणांस ठाऊक आहे. देवदूताने त्याला बोल लावला नाही, की त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेतली नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला लावले. वाट पुढे लांबची आहे, एवढेच सांगितले.

माझी लहान मात्रा अजून चालू आहे. दर सहा महिन्यांनी डॉक्टर आणि मी तिचा हिशेब पुन्हा मांडतो. गोळ्यांची डबी आता प्रार्थनापुस्तकाशेजारी, टेबलावर, उघड्यावर असते. पाहुण्यांनी विचारले, तर सांगतो. विचारणाऱ्यांपैकी एखादा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग हलकेच म्हणतो, "फादर, मलाही पहाटे तीनला जाग येते."